हत्यार विकत, आधार घरचा: गुण्या, मोगरी आणि फर्मे स्वतः बनवताना

घरच्या घरी सुतारकाम सुरू करणारे बहुतेक ग्राहक नाशिकमधल्या आमच्या हत्यारांच्या दुकानात काउंटरवर पहिला प्रश्न विचारतात, ‘कोणतं मशीन घेऊ?’ कुणाकडे गंगापूर रोडच्या फ्लॅटची बाल्कनी असते, कुणाकडे सिडकोतल्या रो-हाउसचं पार्किंग. त्या सगळ्यांना आम्ही एकच सांगतो. करवत, पटाशी, रंध्याचं पातं या कापणाऱ्या वस्तू चांगल्यातल्या विकत घ्या. लाकूड धरणाऱ्या, मोजणाऱ्या आणि दिशा देणाऱ्या वस्तू मात्र घरी बनवा. त्या विकायला आमच्याकडेही आहेत, पण स्वतःच्या हाताने गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, बनवला की काटकोन म्हणजे काय ते बोटांना कळतं.

फोटोफ्रेमचं उदाहरण घ्या. चार कोपरे म्हणजे 45 अंशांचे आठ छेद. प्रत्येक छेद एकाच बाजूला फक्त अर्ध्या अंशाने चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात 4 अंशांची फट पडते आणि तिथे फेव्हिकॉल आणि भुसा भरायची वेळ येते. हात कितीही सराईत असला तरी आठ वेळा नेमका छेद देणं अवघड. एकदा नीट बनवलेला फर्मा, म्हणजे हत्याराला दिशा देणारा साचा, ते काम आठशे वेळा करतो.

सुरुवात बेंच हुकपासून करा. 18 मिमी प्लायचा साधारण 10 बाय 8 इंचांचा तुकडा घ्या. वरच्या बाजूला मागच्या कडेला एक पट्टी आणि खालच्या बाजूला पुढच्या कडेला दुसरी पट्टी बसवा. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडते आणि वरच्या पट्टीला लाकूड टेकवून करवत चालवायची. वरची पट्टी उजवीकडे इंचभर आखूड ठेवा, म्हणजे करवत टेबलावर न उतरता प्लायवर उतरेल. पट्ट्या स्क्रूने न जोडता सरस आणि लाकडी खुंट्यांनी जोडा. कधी ना कधी करवतीचे दात तिथे पोहोचतातच आणि स्क्रूला लागले की धार गेली. अर्ध्या तासाचं काम आहे, पण डाव्या हाताने फळी दाबून उजव्या हाताने कापताना होणारी हाताची थरथर याने थांबते.

यानंतर गुण्या. दांड्यासाठी 6 इंच लांब, 20 मिमी जाड सागवानाची पट्टी आणि पात्यासाठी 9 इंच लांब, 6 मिमी जाड पट्टी. दांड्याच्या टोकात खाच पाडून पातं त्यात चिकटवायचं. तो काटकोनात आहे की नाही हे तपासायला दुसरा गुण्या लागत नाही. सरळ कडेची फळी घ्या, गुण्या तिला टेकवून एक रेघ मारा. मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. वरच्या टोकाला 1 मिमी अंतर दिसलं, तर चूक अर्ध्या मिलिमीटरची आहे, कारण उलटल्यावर चूक दुप्पट दिसते. ज्या कडेला लाकूड जास्त आहे तिथून रंध्याने एकेक पातळ छिलका काढा आणि पुन्हा तपासा. बाजारातले गुण्येही असेच तपासा, आमच्याकडून घेतलेलेसुद्धा. सरळपट्टीचीही परीक्षा हीच: तिच्याने रेघ मारायची, पट्टी फिरवून त्याच दोन टोकांतून पुन्हा मारायची. मध्ये फट दिसली तर पट्टी वाकडी. प्लायचा मोठा कोपरा तपासताना एका कडेवर 300 मिमी, दुसरीवर 400 मिमी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर बरोबर 500 मिमी भरलं तर कोपरा काटकोनात आहे.

खूण पेन्सिलीने न करता सुरीने केली तर अर्ध्या सुताची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) कसर आपोआप मिटते. अशी सुरी बनवायला सातपूर किंवा अंबडमधल्या एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पॉवर हॅकसॉचं मोडकं पातं मागून आणा. ते हाय स्पीड स्टीलचं असेल तर घासताना निळं पडलं तरी कडकपणा जात नाही. साध्या कार्बन स्टीलचा मात्र जातो, म्हणून ते घासताना सारखं पाण्यात बुडवावं लागतं. हाताच्या हॅकसॉचं पातं नको, त्यातल्या बऱ्याच पात्यांचे फक्त दातच कडक असतात. तुकडा मोडताना तो वाइसमध्ये धरा, वरून जाड कापड गुंडाळा आणि गॉगल लावा. पातं ठिसूळ असतं, तुकडे उडतात. धार एकाच बाजूने द्या, म्हणजे सपाट बाजू गुण्याला चिकटून चालेल.

आता शूटिंग बोर्ड. एवढ्या साध्या फर्म्याने कामाचा दर्जा इतका कसा बदलतो, याचं आम्हाला अजूनही नवल वाटतं. खाली 18 मिमी प्लाय, 18 बाय 12 इंच. त्यावर 12 मिमी प्लायचा तितकाच लांब पण 3 इंचांनी अरुंद तुकडा चिकटवा. उरलेल्या 3 इंचांच्या पायरीवर रंधा आडवा झोपून पुढे-मागे चालतो आणि वरच्या तुकड्यावर आडव्या बसवलेल्या पट्टीला टेकवलेल्या फळीचा आडवा छेद साफ करतो. यासाठी लोखंडी रंधा हवा, ज्याच्या कुशी तळाशी काटकोनात असतील. टेक द्यायची पट्टी आधी एकाच स्क्रूवर ठेवा. गुण्या लावून कोन जुळवा, क्लॅम्पने आवळा, दोन तुकडे रंधून बघा. मग सपाट कडेवर दोन्ही तुकड्यांचे रंधलेले छेद एकमेकांना भिडवा, त्यातला एक तुकडा उलटा करून. मधून उजेड दिसला तर कोन अजून चुकलेला आहे. जुळला की दुसरा स्क्रू. रंध्याच्या वाटेवर मेणबत्ती घासा. पहिल्याच दिवशी आडवा छेद आरशासारखा गुळगुळीत निघतो, आणि नाही निघाला तर दोष पात्याच्या धारेत असतो.

धारेसाठीही फर्मा आहे. होनिंग गाइड म्हणजे धार लावताना पातं ठरावीक कोनात धरणारं साधन. बाजूने पकडणाऱ्या स्वस्त होनिंग गाइडमधून पटाशी 40 मिमी पुढे आली की 25 अंशांची धार मिळते, 30 मिमी आली की 30 अंशांची. रंध्याच्या पात्यासाठी हेच आकडे 50 आणि 38 मिमी. एका फळीवर या अंतरांवर चार ठोकळे चिकटवा. प्रत्येक वेळी मोजायची कटकट संपते आणि कोन दर वेळी तोच येतो. घासायला काचवाल्याकडून 10 मिमी जाड काचेचा तुकडा आणा, त्यावर 220, 400, 1000, 2000 असे वॉटर पेपर चढत्या क्रमाने वापरा.

मोगरीसाठी, म्हणजे लाकडी हातोड्यासाठी, बाभूळ. जड, चिवट आणि स्वस्त. डोक्यातलं भोक वरून रुंद, खालून अरुंद ठेवा आणि दांडा वरून खाली ओवा. ठोके मारताना डोकं सुटत नाही, उलट घट्ट बसत जातं. शेवटी जवसाचं तेल लावा. एक गोष्ट मात्र विसरू नका: या तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकले तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ते पसरून मोकळ्यावर वाळवा, मग टाका.

लाकूड कुठून आणायचं? फर्म्याच्या तळासाठी प्लायच घ्या. त्याचे थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे तो फारसा फुगत-आकसत नाही. पट्ट्यांसाठी जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्याचं सागवान मिळालं तर सोनं. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड नव्याने मिळत नाही. फक्त रंधण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधा. पॅकिंगचं पाइनही चालतं. परदेशी पेट्यांवरचा शिक्का बघा. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते वापरायला हरकत नाही. एमबी असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने धुरी दिलेलं लाकूड आहे, ते घरात आणू नका.

लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीला जवळजवळ नाहीच. त्यामुळे मे महिन्यात खाचेत हळुवार सरकणारी सागवानी पट्टी श्रावणात अडकून बसते. सरकत्या पट्ट्या जून-जुलैच्या दमट हवेत बसवाव्यात किंवा अॅल्युमिनियमच्या घ्याव्यात.

एका फर्म्यासाठी आम्ही कुणालाच मदत करत नाही. मार्बल कटर उलटा करून प्लायखाली बसवायचा आणि त्याचं टेबल सॉ करायचं, अशी मागणी वरचेवर येते. या यंत्राची पाती मिनिटाला दहा-बारा हजार फेरे घेतात. छेद मागे आवळला तर तो उघडा ठेवणारी पातळ पट्टी त्यात नसते, पात्यावर झाकण नसतं आणि स्विच दाबून अडकवलेला असतो. लाकूड मागे उसळलं की हात पात्यावर जातो. अँगल ग्राइंडरला लाकडाचं पातं लावण्याबद्दलही आमचं उत्तर हेच आहे. ग्राहकाने रागावून दुसरीकडे गेलेलं चालेल. उभी चीर हवी असेल तर फळी दुकानात आणा, आम्ही कापून देऊ.

मोजण्याबद्दल अजून एक. टेपचं हुक सैल आहे म्हणून काही जण टेप परत आणतात. ते मुद्दाम तसं असतं. आतून मोजताना हुक स्वतःच्या जाडीइतकं आत सरकतं आणि बाहेरून मोजताना तितकंच बाहेर येतं, म्हणजे माप दोन्हीकडे सारखं. ते ठोकून घट्ट करू नका. एक काम सुरू केलं की शेवटपर्यंत तोच टेप वापरा.

काउंटरशेजारी सरळ रंधलेली एक फळी आणि पेन्सिल ठेवली आहे. तुमचा गुण्या घेऊन या, तिथेच उलटवून बघू. बाजूच्या खोक्यात प्लाय आणि सागवानाचे कातरे असतात, बेंच हुकपुरते ते फुकट घेऊन जा.