लेप आधी, भट्टी नंतर: ॲल्युमिनियमच्या भंगाराची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत जुनी माणसे ॲल्युमिनियमच्या पातेल्याला आजही ‘जर्मनचे भांडे’ म्हणतात. ते चेपले किंवा त्याच्या बुडाला भोक पडले की भंगारवाल्याच्या काट्यावर जाई आणि तेथून थेट भट्टीत. मध्ये करण्यासारखे काही नव्हते, कारण काजळी आणि तेलकटपणा सोडला तर त्या धातूवर दुसरे काही नसे. आज त्याच काट्यावर खिडकीची रंगीत पट्टी, छापील बिअरचा कॅन, प्लास्टिकचे वेष्टण असलेली तार आणि गोळ्यांची रिकामी पाने येतात. त्यांवरचा लेप काढल्याशिवाय त्यांतला धातू नीट परत मिळत नाही, आणि ही अडचण या धंद्याच्या मानाने बरीच अलीकडची आहे.

या धातूची किंमत म्हणजे मुख्यतः विजेची किंमत, हे बेळगावला वेगळे सांगायला नको. १९३८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ॲल्युमिनियम कंपनीने, म्हणजेच ‘इंडाल’ने, १९७० च्या सुमारास शहरालगतच्या यमनापूर येथे कारखाना उभारला. चंदगड आणि राधानगरी भागातील बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचे खनिज, येथे कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात विरघळवून त्यातून ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड, वेगळा केला जाई आणि विद्युत अपघटनाने त्याचा धातूही बनवला जाई. पुढे विजेच्या टंचाईत धातू बनवण्याचे काम थांबले. ॲल्युमिनाचे काम मात्र चालू राहिले आणि आता ते हिंडाल्कोकडे आहे. ॲल्युमिनापासून एक टन धातू बनवायला सुमारे १४,००० युनिट वीज लागते, तर भंगार वितळवून तोच धातू मिळवायला नव्या धातूच्या सुमारे ५ टक्के ऊर्जा पुरते. भंगारातला प्रत्येक किलो न जाळता वाचवण्याचा आग्रह या आकड्यांतून येतो.

जुन्या काळी हा आग्रह पाळणे सोपे होते. जुलै १९४० मध्ये ब्रिटनमध्ये लढाऊ विमानांसाठी घरोघरची ॲल्युमिनियमची पातेली मागवण्यात आली, तेव्हा ती सगळी उघड्या धातूची भांडी होती. धातूवरचे थर पुढच्या काही दशकांत वाढत गेले. ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा थर चढवण्याच्या रीतीचा, औद्योगिक वापर १९२३ मध्येच सुरू झाला होता. १९५९ मध्ये अमेरिकेत ॲल्युमिनियमचा बिअरचा कॅन बाजारात आला आणि त्याच्यासोबत आतल्या बाजूचा संरक्षक लेप व बाहेरची शाई आली. नंतर इमारतींच्या पट्ट्यांवर पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची भुकटी तापवून चढवलेला थर, रूढ झाले. वापरात असताना या थरांनी धातूचे गंजण्यापासून रक्षण केले, हे खरेच; पण परतीच्या वाटेवर तेच थर आडवे येऊ लागले.

ते कसे आडवे येतात, हे नीट पाहिले पाहिजे. कॅनच्या भिंतीची जाडी मिलीमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते. म्हणजे वजन थोडे, पृष्ठभाग फार आणि त्या सगळ्या पृष्ठभागावर जळणारा पदार्थ. असे भंगार तसेच वितळलेल्या धातूत टाकले की लेप पेटतो, पातळ पत्रा वर तरंगतो आणि धातू वितळण्याऐवजी हवेशी संयोग पावून ऑक्साइड होतो. वितळलेल्या धातूवर साचणारी ऑक्साइडची मळी वाढते, मिळणारा धातू घटतो. वरून काळा धूर निघतो, तो वेगळाच. धातू हवेपासून झाकण्यासाठी मीठ आणि पोटॅशियम क्लोराइड यांचे मिश्रण भट्टीत टाकण्याची पद्धत जुनी आहे, पण तिच्यामुळे खारट मळीचा ढीग उरतो आणि तो उघड्यावर टाकला तर पावसाच्या पाण्यातून क्षार शेतात उतरतात. उसाच्या आणि भाताच्या या प्रदेशात ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही.

म्हणून लेप आधी आणि वेगळा काढायचा, हा विचार पुढे आला. भंगाराचे तुकडे करून ते फिरत्या नळकांड्यासारख्या भट्टीत सुमारे ५०० ते ५५० अंश सेल्सिअस तापमानाच्या वायूत फिरवले जातात. या वायूत ऑक्सिजन मुद्दाम कमी ठेवलेला असतो, त्यामुळे लेप भडकत नाही, त्याची वाफ होते. मागे उरलेला काळा कोळसा नंतर मोजून दिलेल्या हवेत जाळला जातो. निघालेले वायू ८०० अंशांहून अधिक तापमानाच्या दुसऱ्या कक्षात पूर्ण जाळतात आणि त्यांची उष्णता पहिल्या भट्टीला परत देतात, म्हणजे लेप स्वतःच इंधनाचा काही भाग पुरवतो. या सगळ्यात तापमानाचा पट्टा फार अरुंद आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, पण कॅनच्या झाकणात मॅग्नेशियम अधिक असल्यामुळे ते ५८० अंशांच्या आसपासच वितळू लागते आणि तुकडे एकमेकांना चिकटतात. तापमान कमी पडले तर कोळसा राहतो. माझ्या मते या तंत्रातले खरे कसब तापवण्यापेक्षा हवा मोजण्यात आहे.

ॲनोडायझिंगच्या थराला ही रीत लागू पडत नाही. तो थर ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडचा असतो, जळत नाही. मात्र कॉस्टिक सोड्यात तो विरघळतो. यमनापूरला बॉक्साइटमधून ॲल्युमिना बाहेर काढणारे रसायनही हेच. फक्त थर संपताच कॉस्टिक खालचा धातूही खाऊ लागतो आणि ज्वालाग्राही हायड्रोजन सोडतो, म्हणून ती पद्धत भंगाराच्या ढिगासाठी कधीच सोयीची ठरली नाही. असा माल बहुधा तसाच वितळवतात आणि थर मळीत जातो.

सर्वांत वाईट पद्धत मात्र सर्वांत स्वस्त असल्याने टिकून आहे. गावाबाहेरच्या माळावर तारेचे गुंडाळे पेटवल्यावर येणारा उग्र वास या भागात कुणाला ओळखीचा नाही? तारेवरच्या पीव्हीसी या प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतो. अर्धवट जळताना त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. डायॉक्सिनसारख्या दीर्घकाळ टिकणाऱ्या विषांवरचा स्टॉकहोम करार २००१ चा असून भारताने तो २००६ मध्ये स्वीकारला, आणि भंगारापासून ॲल्युमिनियम बनवण्याच्या उद्योगाचा त्यात नाव घेऊन समावेश आहे. तारेपुरता उपाय तर भट्टीविनाही होतो: वेष्टण यंत्राने सोलायचे किंवा तार बारीक कापून हवेच्या झोताने धातू आणि प्लास्टिक वेगळे करायचे. सोलून निघालेली तार उजळ राहते आणि तिला जळक्या तारेपेक्षा भावही चांगला मिळतो.