रसात टाकलेली चिमूट

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मिस्त्रींनी माझ्यासमोर बोटभर लांबीची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पाचर हातोड्यानं फोडली. भट्टीतला थोडा रस, म्हणजे वितळलेलं बीड, साच्यात ओतून नुकतीच काढलेली. तुटलेल्या तोंडाकडे बोट दाखवत म्हणाले, "टोकाकडं पांढरं किती आलंय बघा. असाच रस ओतला तर मशीनशॉपवाले उद्या आमच्या नावानं शंख करत्यात."

त्यांचं बरोबर होतं. बिडात साधारण साडेतीन टक्के कार्बन असतो. रस थिजताना तो ग्रॅफाइट म्हणून सुटा झाला तर तुटलेला भाग करडा दिसतो आणि ओतलेला जॉब लेथवर लोण्यासारखा कापला जातो. तोच कार्बन लोखंडाशी जखडून बसला तर सिमेंटाइट तयार होतं: पांढरं, काचेसारखं ठिसूळ, टूलची धार घालवणारं. पाचरीचं टोक सगळ्यात आधी गार होतं, म्हणून पांढरेपणा तिथं पहिल्यांदा दिसतो.

मग लेडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, रस घेताना एका पोरानं धारेत फेरोसिलिकॉनचे, म्हणजे लोखंड-सिलिकॉनच्या मिश्रधातूचे, दाणे सोडले. प्रमाण रसाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. दुसरी पाचर फोडली, तर करडा रंग जवळजवळ टोकापर्यंत पोचलेला. एवढ्याशा सिलिकॉननं रसाची घडण फारशी बदलत नाही. मग बदललं काय?

खडीसाखरेत दोरा का असतो, हे आठवा. पाकात साखर भरपूर असते, पण स्फटिकाचा पहिला कण जमणं महाग पडतं. इवल्याशा कणाचे बहुतेक रेणू पृष्ठभागावरच असतात. नवा पृष्ठभाग उभा करायला ऊर्जा लागते, म्हणून असे कण वाढण्याआधीच विरघळून जातात. दोऱ्यानं आयता पृष्ठभाग दिला की ही किंमत कमी होते. आमच्याकडं गुळाचा कोल्हापुरी अभिमान मोठा, पण या बाबतीत खडीसाखर जास्त बोलकी आहे.

बिडात दोऱ्याचं काम करतात मायक्रॉनभर आकाराचे, सल्फाइड आणि ऑक्साइडचे कण. फेरोसिलिकॉनसोबत थोडं कॅल्शियम, बेरियम, अॅल्युमिनियम येतं ते यासाठीच. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनांत बसतात. कणाच्या पृष्ठभागावरच्या अणूंची मांडणीही तशाच अंतरांची असली, तर कार्बनला पाय टेकायला जागा सापडते. म्हणजे दोन घन पदार्थांच्या सांध्यावरचा एकदोन अणूंचा थर अख्ख्या इंजिन ब्लॉकचा स्वभाव ठरवतो.

सांधा जुळला नाही तर काय होतं, याची गोष्ट एलईडीत आहे. निळ्या प्रकाशासाठी गॅलियम नायट्राइडचा निर्दोष स्फटिक हवा होता आणि तो नीलमण्याच्या चकतीवर वाढवावा लागे. पण दोघांच्या अणूंमधल्या अंतरांत सुमारे १६ टक्के तफावत. शर्टाचं पहिलं बटण चुकीच्या काजात गेलं की खालची सगळी चुकतात, तसं होऊन थर खडबडीत आणि तडकलेला निघे. १९८६ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांनी कमी तापमानाला आधी अॅल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर बसवला आणि मग तापमान चढवून त्यावर गॅलियम नायट्राइड वाढवलं. थर आरशासारखा गुळगुळीत आला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि शुजी नाकामुरा यांना मिळालं. मला या कामात पदार्थापेक्षा त्या मधल्या थराचं कौतुक जास्त वाटतं. स्वतः उजेड न देणारा, नुसता पाट मांडणारा.

याच प्रकारचं काम आपल्या शिवाजी विद्यापीठातही वर्षानुवर्षं चाललंय. काच किंवा स्टीलची पट्टी रसायनांच्या द्रावणांत आळीपाळीनं बुडवून तिच्यावर पातळ थर चढवायचे, सौरघटासाठी, वीज साठवणाऱ्या सुपरकपॅसिटरसाठी. दिसायला बीकर आणि चिमटा, पण पट्टी नीट धुतली नाही, बोटाचा तेलकटपणा राहिला, तर थर खपल्यांसारखा निघून येतो. पहिला थर पट्टीला धरतो की नाही, यावरच सगळं.

फौंड्रीत मात्र आणखी एक अडचण असते. तापलेल्या रसात ते कण टिकत नाहीत. काही विरघळतात, काही एकमेकांना चिकटून वर तरंगतात. दहा-पंधरा मिनिटांत चिमटीचा गुण बराच उतरतो. म्हणून दुसरी पाचर पाहिल्यावर मिस्त्री माझ्याशी बोलायचे थांबले. घड्याळाकडं बघत क्रेनवाल्याला ओरडले, "हाण की लवकर, रस मरतोय!"