केरीतील गोल्फ कोर्स

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला असलेल्या केरी काउंटीत दोन जातींचे गोल्फ कोर्स आहेत : अटलांटिकच्या काठी वाळूच्या टेकड्यांत वसलेले ‘लिंक्स’ आणि किलार्नीच्या तळ्याकाठचे, झाडीतले ‘पार्कलँड’. दोन्हीकडे एकच खेळ चालत नाही.

लिंक्सची जमीन वाळूची. पाऊस झाला तरी पाणी लगेच मुरते, तळ टणक राहतो आणि चेंडू पडल्यावरही बराच घरंगळतो. मऊ मैदानाची सवय असलेला खेळाडू ग्रीनजवळून (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळून) वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या काठीने) चेंडू उंच उचलायला जातो. वेज टणक जमिनीवरून उसळते, तिची कड चेंडूच्या मध्यावर बसते आणि चेंडू ग्रीन ओलांडून जातो. त्याऐवजी सात-आठ नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याच्या काठीने) चेंडू बुटका मारून घरंगळत न्यावा, नाहीतर ग्रीनबाहेरूनच पटर (चेंडू जमिनीवरून ढकलायची काठी) वापरावा. समोरून वारा असताना जोर लावणे ही दुसरी चूक. जोराने उलटी फिरकी वाढते, चेंडू वर चढतो आणि जागीच पडतो. सहाच्या जागी चार नंबरचे आयर्न (नंबर लहान, तितका फटका लांब आणि बुटका) घेऊन स्विंग, म्हणजे काठीचा झोका, आखूड ठेवावा. टेकड्यांवरच्या उंच गवतात गेलेला चेंडू शोधायला नियमाने ३ मिनिटेच मिळतात, म्हणून शंका येताच पुढे जाण्याआधी प्रोव्हिजनल (पहिला न सापडल्यास कामी येणारा) चेंडू मारून ठेवावा.

लिंक्सपैकी बॅलीबनियन (स्थापना १८९३) हा सर्वांत नावाजलेला. जुन्या कोर्सच्या पहिल्या टीच्या (पहिला फटका मारायच्या जागेच्या) उजव्या हाताला दफनभूमी आहे. अंग गरम व्हायच्या आत मारलेला उजवीकडे वळणारा फटका थेट तिकडेच जातो. अकरावा होल (टीपासून ग्रीनपर्यंतचा टप्पा; कोर्सवर असे अठरा) समुद्राच्या कड्यालगत उतरतो. त्यावर एकही बंकर (वाळूचा खड्डा) नाही आणि त्याची गरजही नाही. २००० साली आयरिश ओपन ही स्पर्धा येथे झाली. ट्रलीचा क्लब १९८४ मध्ये बॅरो येथील सध्याच्या जागी आला. हा अमेरिकन गोल्फपटू अर्नोल्ड पामर यांनी आखलेला युरोपातला पहिला कोर्स. त्याचे खरे कठीण होल शेवटच्या नऊ होलमध्ये आहेत, तेव्हा दमसास राखून ठेवावा.

वॉटरव्हिलचा सध्याचा कोर्स आयरिश आखणीकार एडी हॅकेट यांनी मालक जॅक मल्काही यांच्यासाठी आखला आणि तो १९७३ मध्ये खुला झाला. त्याचा बारावा होल ‘मास होल’ (मास म्हणजे कॅथलिकांची सामूहिक प्रार्थना) म्हणून ओळखला जातो. पार ३ (म्हणजे तीन फटक्यांत पुरा करणे अपेक्षित), लांबी सुमारे २०० यार्ड. टी आणि ग्रीन दोन उंचवट्यांवर, मध्ये खोल घळ. कॅथलिक उपासनेवर बंदी होती त्या काळात लोक या घळीत लपून प्रार्थनेला जमत. कोर्स बांधताना स्थानिक कामगारांनी तिथे कुदळ लावायला नकार दिला, म्हणून घळ जशीच्या तशी राहिली. केरीतला सर्वांत सुंदर होल कोणता, याचे उत्तर अनेक जण इथेच थांबून देतात, आणि ते पटते. आखूड फटका या घळीत गेला की दुसरा फटका चढावर मारावा लागतो.

डूक्सचा लिंक्स (स्थापना १८८९) त्या मानाने शांत. नॅटरजॅक जातीचा संरक्षित भेक हे क्लबचे चिन्ह आहे. डिंगल द्वीपकल्पावरचा क्यान शिबेल हा कोर्स आयरिशभाषक भागात आहे. त्यातून एक ओढा वळणे घेत जातो. वाऱ्यात तो नेमका आडवा येतो.

किलार्नीत लॉख लेन तळ्याकाठी महोनीज पॉइंट आणि किलीन हे कोर्स आहेत. इंग्लिश गोल्फपटू निक फाल्डो यांनी १९९१ आणि १९९२ ची आयरिश ओपन येथेच जिंकली. येथे जमीन मऊ, चेंडू पडल्या जागी थांबतो. उंच फटक्यांचा उपयोग इथे. महोनीज पॉइंटच्या अठराव्या होलवर (पार ३) चेंडू तळ्यावरून न्यावा लागतो.

नावाजलेल्या कोर्सवर हँडिकॅपचा (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याचा) दाखला मागितला जाऊ शकतो. तो जवळ ठेवावा, टीची (खेळ सुरू करायची) वेळ आणि कॅडी (काठ्या वाहणारा मदतनीस) आधीच ठरवावेत. लिंक्सवर बहुतेक चालावेच लागते. जूनमध्ये रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी उशिरा सुरू केलेली फेरीही उजेडात संपते. वाहने भारतासारखीच डावीकडून चालतात, पण रस्ते अरुंद : किलार्नीहून वॉटरव्हिलला सुमारे दीड तास लागतो, आणि वाटेत पर्यटकांच्या बसमागे अडकल्यास त्याहूनही जास्त.