एच-४ की एल-२? तिची नोकरी ठरवणारं एक अक्षर

जावई ऑनसाइट निघाला की घरात पगाराची चौकशी होते, थंडीची होते, इथला मिक्सर तिकडे चालतो का याचीही होते. व्हिसा कुठला, ते मात्र फक्त जावयाला ठाऊक असतं. मुलीने खरं तर सगळ्यात आधी हेच विचारायला हवं. पुण्यातली सात-आठ वर्षांची नोकरी सोडून ती सोबत निघाली असेल, तर अमेरिकेत उतरल्यावर तिला काम करता येईल का, हे तिची पदवी ठरवत नाही. नवऱ्याच्या व्हिसावरचं अक्षर ठरवतं.

नवरा एच-१बी वर असेल तर ती एच-४. तो एल-१ वर असेल तर ती एल-२. दोघीही ‘डिपेंडंट’च, त्यामुळे नात्यागोत्यात दोन्ही एकाच मापाने मोजल्या जातात. “त्यांची सून गेली आणि तीन महिन्यांत नोकरीला लागली, तू अजून घरीच?” हा टोमणा बहुतेक वेळा याच गोंधळातून येतो. ती सून एल-२ असते.

नवऱ्यांच्या व्हिसातला फरक थोडक्यात सांगते. एल-१ म्हणजे कंपनीने आपल्याच माणसाची भारतातल्या ऑफिसातून अमेरिकेतल्या ऑफिसात केलेली बदली. त्याला संख्येची मर्यादा नाही, पण तिथे गेल्यावर कंपनी बदलता येत नाही. एच-१बी म्हणजे अमेरिकेतल्या कंपनीने परदेशी कुशल कर्मचाऱ्याला नोकरी देण्यासाठीचा व्हिसा. त्याला वर्षाला ८५ हजारांची मर्यादा आणि त्यासाठीची झुंबड, पण एकदा मिळाला की दुसरी कंपनी गाठता येते.

आता बायकांकडे वळू. एल-२ पत्नीला काम करण्याची मुभा अमेरिकी संसदेने जानेवारी २००२ मध्ये कायद्यानेच दिली. तरी पुढची जवळजवळ वीस वर्षं ईएडी नावाचं वर्क परमिटचं कार्ड हातात पडेपर्यंत कामाला सुरुवात करता येत नसे आणि त्यात महिनोन् महिने जात. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका खटल्यात तडजोड झाली आणि सरकारने मान्य केलं की एल-२ पत्नी असणं हीच कामाची परवानगी. त्यानंतर काही आठवड्यांनी, जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून, आय-९४ या प्रवेशनोंदीवर ‘एल-२एस’ अशी खूण येते. तेवढा कागद नोकरीला पुरतो.

एच-४ ची गोष्ट वेगळी आहे. २०१५ पर्यंत एच-४ पत्नीला पगाराचं काम करताच येत नव्हतं. कॉलेजात शिकायला हरकत नव्हती, घर नावावर घेता येत होतं, पण पगार घ्यायचा नाही. सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडे नोकरीसाठी लागणारा क्रमांक, तोही नाही. मे २०१५ मध्ये नियम बदलला, पण सगळ्यांसाठी नाही. नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेमुळे त्याला एच-१बी च्या नेहमीच्या सहा वर्षांच्या पुढे मुदतवाढ मिळालेली हवी. आय-१४० कोण भरतं? बहुतेक वेळा नवऱ्याची कंपनी. म्हणजे हिच्या नोकरीची किल्ली नवऱ्याच्या हातातसुद्धा नाही, त्याच्या मॅनेजरच्या टेबलावर आहे.

या नियमाने एच-४ ला मिळणाऱ्या ईएडी कार्डामागे कोण आहे ते आकड्यांत स्वच्छ दिसतं. डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्यांदा मंजूर झालेले अर्ज सुमारे ९१ हजार होते. त्यांत ९३ टक्के स्त्रिया आणि ९३ टक्के भारतात जन्मलेले. नियमात बाई-पुरुष असा शब्द कुठेही नाही, ‘जोडीदार’ आहे. पण व्हिसा बहुतेक नवऱ्याचा निघतो आणि कुठल्याही एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांहून जास्त मिळत नाहीत, म्हणून भारतीयांची रांग कित्येक वर्षांची होते. नियम कागदावर समान असला, तरी झळ लागते ती आपल्याकडच्या बायकांना.

मला सर्वांत खटकतो तो पुढचा फरक. एल-२ चा हक्क संसदेच्या कायद्यात आहे. एच-४ चा हक्क गृहसुरक्षा खात्याने काढलेल्या नियमात आहे आणि नियम खातं मागे घेऊ शकतं. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत तसा प्रस्ताव तयार झाला होता, जानेवारी २०२१ मध्ये बायडन सरकारने तो गुंडाळला. तिकडे कॅलिफोर्नियातल्या एका वीजकंपनीतून नोकरी गेलेल्या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०१५ पासूनच या नियमाविरुद्ध खटला चालवला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील न्यायालयाने नियम उचलून धरला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. त्याच महिन्यात दुसरीकडून चिमटा बसला: ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या ईएडी कार्डाच्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळणं बंद झालं. जुन्या कार्डाची तारीख उलटली आणि नवं हातात नसेल, तर त्या दिवसापासून काम थांबवायचं.

म्हणजे एल-२ सुखात, असंही नाही. एल-१ वरच्या नवऱ्याला बाहेरची चांगली ऑफर आली की तो एच-१बी वर जातो. घरात पेढे वाटले जातात. आणि ज्या दिवशी त्याचा व्हिसा बदलतो त्याच दिवशी तिचा एल-२एस चा हक्क संपतो आणि तिला एच-४ साठी अर्ज करावा लागतो. आय-१४० मंजूर नसेल तर तिची चालू नोकरी तिथेच संपते. त्याची बढती, तिचा राजीनामा. हा हिशेब ऑफर स्वीकारण्याआधी दोघांनी मांडायला हवा, पण ऑफर लेटरमध्ये बायकोच्या पगाराचा रकाना नसतो.

लग्न मोडलं तर दोघींचाही डिपेंडंट दर्जा घटस्फोटाबरोबर जातो. इथे मात्र एक उलटी गंमत आहे, गंमत म्हणवत नाही खरं तर. नवऱ्याकडून मारहाण किंवा अतोनात छळ होत असेल तर एच-४ पत्नीला स्वतःच्या नावाने वर्क परमिट मागण्याची वेगळी तरतूद कायद्यात आहे. त्या यादीत एल-२ नाही.

एल-२ वर जाणाऱ्या मुलीने विमानतळावरून घरी पोचल्यावर सामान उघडण्याआधी आय-९४ ऑनलाइन काढून बघावा. त्यावर नुसतंच ‘एल-२’ असेल, पुढचा ‘एस’ नसेल, तर नोकरी देणारी कंपनी तो कागद पुरावा म्हणून धरणार नाही. चूक सीमा-अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून दुरुस्त करून घेता येते, आणि ती पहिल्याच आठवड्यात करून घ्यावी.