गरोदरपणाचे तीन महिने झाले की कुठलीही पेनकिलर चालते?

"पहिले तीन महिने सांभाळ, मग कंबर दुखली तर घे बिनधास्त गोळी" हे सर्रास सांगतात, पण आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकच्या बाबतीत हे साफ चुकीचं आहे. २० आठवड्यांनंतर गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाचीच लघवी असते, आणि या गोळ्या वारेतून बाळापर्यंत जाऊन त्याच्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करू शकतात, मग लघवी कमी, पाणी कमी, क्वचित जन्मानंतरही किडनीचा त्रास. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये यासाठीच इशारा दिला. गोळी थांबवली की पाणी बहुतेकदा परत वाढतं, म्हणून घेतली असेल तर लपवू नका गं, डॉक्टरांना सांगा. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, तीही विचारूनच. आणि डॉक्टरांनीच लो डोस अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती मनाने बंद करू नका.