हिरवं तांबं फेसावर कसं चढवतात?

झांबियाच्या वायव्य भागात सोल्वेझी शहराजवळ कान्सान्शीची तांब्याची खाण आहे. फर्स्ट क्वांटम या कंपनीनं 2005 मध्ये तिथं उत्पादन सुरू केलं. खोल थरात पितळी रंगाचं कॅल्कोपायराइट सापडतं. त्यात तांब्याबरोबर लोह आणि गंधक असतं. वरच्या थरात पाऊस आणि हवा लाखो वर्षं मुरल्यामुळे गंधक निघून गेलंय आणि हिरवंगार मॅलॅकाइट, निळसर क्रिसोकोला तयार झालंय. मधल्या पट्ट्यात सगळ्यांची सरमिसळ. खरी डोकेदुखी हा मधला पट्टा.

फेनतरण पद्धत आपण दहावीत शिकतो. दगडाचं पीठ करायचं, पाण्यात कालवायचं, झँथेट नावाचं रसायन घालायचं आणि खालून हवा सोडायची. झँथेटच्या रेणूचं एक टोक सल्फाइड, म्हणजे गंधक असलेल्या, खनिजाला घट्ट धरतं, दुसऱ्या टोकाला पाणी नको असतं. मग तो कण बुडबुड्याला चिकटून वर येतो, फेसाबरोबर काठावरून ओसंडतो. माती-वाळूचे कण पाण्यातच खूश असतात, ते मागे राहतात. ज्या दगडात जेमतेम एक टक्का तांबं होतं, त्यातून पंचवीस टक्क्यांच्या आसपास तांबं असलेला माल हाती येतो.

मॅलॅकाइट मात्र या खेळात सामीलच होत नाही. खरं तर शुद्ध मॅलॅकाइटमध्ये सुमारे 57 टक्के तांबं असतं, कॅल्कोपायराइटमध्ये 35 टक्क्यांहूनही कमी. पण बुडबुड्याला आतल्या तांब्याशी देणंघेणं नसतं, त्याची गाठ पडते ती पृष्ठभागाशी. मॅलॅकाइट म्हणजे तांब्याचं कार्बोनेट. घरातल्या तांब्याच्या भांड्यावर दमट हवेत चढणाऱ्या हिरव्या कळंकाचा जवळचा नातलग. त्याच्या अंगावर पाण्याचा थर चिकटून बसतो आणि झँथेट तिथं नीट टिकत नाही.

उपाय म्हणजे कणाला वरून सल्फाइडचा मुलामा द्यायचा. सोडियम हायड्रोसल्फाइड घातलं, की मॅलॅकाइटच्या पृष्ठभागावर कॉपर सल्फाइडचा पातळ थर बसतो. कण आतून तसाच राहतो, पण झँथेट त्याला सल्फाइड समजून धरतं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात इथंच हात राखून काम करावं लागतं.

हे रसायन कमी पडलं तर थर बसत नाही. जास्त झालं तर उलटाच परिणाम: पाण्यात उरलेले सल्फाइड आयन झँथेटला कणावर बसू देत नाहीत, आणि एरवी सहज तरंगणारं कॅल्कोपायराइटसुद्धा तळाशी जातं. शिवाय बुडबुड्यांतला ऑक्सिजन हे हायड्रोसल्फाइड सतत खाऊन टाकत असतो. म्हणून गाळात इलेक्ट्रोड बुडवून विभव (विद्युतदाब) मोजत राहतात. काटा साधारण उणे 450 ते उणे 500 मिलिव्होल्टच्या दरम्यान ठेवायचा, शून्याकडे सरकू लागला की पुढचा डोस. सामू (pH) खाली गेला तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, म्हणून वासावर विसंबून चालत नाही, वायुमापक लागतोच.

क्रमही ठरलेला. आधी मूळची सल्फाइड खनिजं तरंगवून काढून घ्यायची, मगच हायड्रोसल्फाइड टाकून हिरव्या खनिजांच्या मागे लागायचं. माझ्या मते या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट रसायनात नाही, या क्रमात आहे.

तरीही काही तांबं निसटतंच. मॅलॅकाइट मऊ असल्यानं गिरणीत त्याची फार बारीक भुकटी होते आणि दहा मायक्रॉनहून लहान कण बुडबुड्याला धडकण्याऐवजी पाण्याच्या प्रवाहाबरोबर त्याच्या बाजूनं निघून जातात. क्रिसोकोला तर सिलिकेट. त्याच्यावर सल्फाइडचा थर धड बसतच नाही. त्याच्यामागे रसायनं ओतत बसण्यात अर्थ नाही. ते सल्फ्युरिक आम्लात विरघळवून काढायचं. हे आम्ल मिळतं कुठून? खाणीच्या आवारातच भट्टी आहे. तिथं सल्फाइडचा माल वितळवताना निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडपासून ते बनतं. म्हणजे खालच्या थरातल्या गंधकाच्या जोरावर वरच्या थरातलं तांबं सुटतं.

पण दगडात कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) असेल तर तोच आम्ल पिऊन टाकतो. त्यामुळे कुठला ढीग कुठल्या वाटेनं पाठवायचा हे गिरणीच्या आधीच ठरवावं लागतं. नमुन्यात एकूण तांबं किती, त्यातलं आम्लात विरघळणारं किती आणि दगड स्वतः आम्ल किती खातो, असे तीन आकडे प्रयोगशाळेतून येतात. ढीग चुकीच्या वाटेला लागला, तर पुढं इलेक्ट्रोड कितीही अचूक असला तरी फारसा उपयोग नाही. खाण खोल जाईल तसा सल्फाइडचा वाटा वाढत जाणार. 2025 मध्ये सुरू झालेला एस-3 हा नवा कारखाना त्याच हिशेबानं बांधलाय, वर्षाला अडीच कोटी टन धातुक हाताळण्यासाठी.