आरएसटीचा ड्रायव्हर वेगळा, बोर्डातला रेड रॉम वेगळा

इंटेल आरएसटी (रॅपिड स्टोरेज टेक्नॉलॉजी) हे एकच नाव दोन वेगळ्या गोष्टींना आहे: विंडोजमधला ड्रायव्हर आणि मदरबोर्डातला रॉम. एसएसडीच्या रेडचा, म्हणजे अनेक डिस्क जोडून एक करण्याचा, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एखाद्या लग्नाच्या व्हिडिओ स्टुडिओत किंवा शिरोली एमआयडीसीतल्या ड्रॉइंग ऑफिसात अजूनही इंटेलच्या जुन्या झेड७७, झेड६८ चिपसेटच्या बोर्डाचं मशिन राबत असतं. दोन एसएसडी रेड झिरोत (डेटा दोन्हींवर वाटून लिहिणारी जोडणी), सुरुवातीला झकास वेग, मग मोठ्या फाइल लिहिताना अडखळणं सुरू. मालक म्हणतो, ‘आरएसटी नवं टाकून घेतलंय की!’ टाकलंय हे खरं, पण दोन्हींपैकी कुठलं?

ड्रायव्हर सगळ्यांना माहीत आहे. सेटअप चालवायचा, रीस्टार्ट करायचं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये आवृत्ती बघायची. तो विंडोजमध्ये बसतो आणि विंडोज फॉरमॅट केलं की जातो.

रेड ऑप्शन रॉम असतो मदरबोर्डावरच्या बायोस चिपमध्ये. मशिन सुरू होताना कंट्रोल आणि आय दाबायला सांगणारा स्क्रीन त्याचाच. ॲरे (जोडलेल्या डिस्कांचा गट) बांधणं आणि विंडोज लोड होण्याआधी त्या ॲरेवरून बूट करून देणं ही त्याची कामं. ड्रायव्हरचा सेटअप या चिपला हातही लावत नाही. तो कितीही वेळा चालवा, रॉम शेवटच्या बायोस अपडेटमध्ये होता तोच राहतो. जुन्या बोर्डांना कंपनीची अपडेट कधीच बंद झालेली असतात, म्हणून तर बायोसमध्ये बदल करायची वेळ येते.

आता खरा अडकायचा मुद्दा. फाइल डिलीट झाली की विंडोज एसएसडीला ट्रिम पाठवतं, म्हणजे हे ब्लॉक आता रिकामे समज असं कळवतं. हा निरोप पोचला नाही की लिहिणं अडखळायला लागतं. एकट्या डिस्कला तो सरळ पोचतो. रेड झिरोत विंडोजला दिसते एकच मोठी डिस्क. तिच्यावरचा पत्ता कुठल्या एसएसडीच्या कुठल्या पट्टीत पडतो ते ड्रायव्हर काढतो, निरोपाचे तुकडे करतो आणि ज्याचा त्याला देतो. हे काम ड्रायव्हरचंच आहे, म्हणून ड्रायव्हर नवा असला की भागलं असं लोक धरून चालतात. पण ड्रायव्हर सुरू होताना आधी रॉमने मांडून ठेवलेली माहिती वाचतो: आवृत्ती कुठली, सोयी कुठल्या. रॉम ११ च्या खालचा निघाला, तर ट्रिमची सोय ड्रायव्हरमध्ये असूनही ॲरेसाठी बंदच राहते. इंटेलने २०१२ मध्ये ७ सिरीज चिपसेटला (झेड७७ वगैरे) ही सोय दिली, ती रॉम आणि ड्रायव्हर दोन्ही ११ किंवा पुढचे असतील तरच. ६ सिरीजला अधिकृतपणे दिलीच नाही. झेड६८ किंवा पी६७ मध्ये इंटेलचा मूळ नवा रॉम घालूनही उपयोग होत नाही, ट्रिमसाठी मुद्दाम बदललेला रॉमच लागतो.

‘माझ्याकडे तर जुन्या रॉमवरही ट्रिम चालतं’ असं कुणी सांगितलं, तर त्याची एसएसडी ॲरेत आहे का ते विचारा. मोड रेड असला तरी ॲरेबाहेरच्या एकट्या एसएसडीला २०१० च्या ९.६ ड्रायव्हरपासूनच ट्रिम मिळतं.

आवृत्ती बघायची जागा म्हणजे आरएसटी ॲपमधला सिस्टिम रिपोर्ट. तिथे ड्रायव्हर आणि रेड ऑप्शन रॉम यांच्या दोन वेगळ्या ओळी असतात. विंडोज सुरूच होत नसेल तर लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ‘एमडीएडीएम’ची ‘डिटेल-प्लॅटफॉर्म’ कमांड (mdadm --detail-platform) चालवा, रॉमची आवृत्ती लिहून येते. ड्रायव्हर आणि रॉमची जोडी एकाच मालिकेतली ठेवा. ६ आणि ७ सिरीजला आमची पसंती ११.२ ला: ड्रायव्हर ११.२.०.१००६, रॉम ११.२.०.१५२७ (६ सिरीजला ट्रिमसाठी बदललेला). शेवटचे आकडे जुळत नाहीत, आणि ते जुळवत बसायचंही नाही. सगळ्यात मोठा आकडा शोधून जुन्या चिपसेटवर लादायचा हट्ट मात्र सोडा.

रॉमला एक जुळा भाऊही आहे. विंडोज यूईएफआय या नव्या पद्धतीने बूट होत असेल, तर ऑप्शन रॉमऐवजी बायोसमधला ईएफआय रेड मॉड्यूल काम करतो. ७ सिरीजच्या बायोसमध्ये त्याचं नाव ‘साटाड्रायव्हर’ आहे, त्यामुळे गोंधळात भरच. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’समोर लेगसी लिहिलंय की यूईएफआय, ते बघून मगच काय बदलायचं ते ठरवा. सीएसएम (जुन्या, लेगसी पद्धतीने बूट करू देणारी बायोसमधली सोय) बंद असताना ऑप्शन रॉम बदलणं म्हणजे नुसती मेहनत.

बदल करताना आपल्याच बोर्डाच्या, त्याच रिव्हिजनच्या अधिकृत बायोस फाइलपासून सुरुवात करा. बायोस एएमआय कंपनीच्या ॲप्टिओ ४ प्रकारचा असेल तर बायोस फाइल बदलायचं एमएमटूल ४.५० हे टूल चालतं: सीएसएम-कोअर मॉड्यूलमधल्या ऑप्शन रॉमच्या यादीत व्हेंडर ८०८६, डिव्हाइस २८२२ ही नोंद शोधा आणि ‘रिप्लेस’ करा. डिलीट करून नवीन घालू नका. यूबीयू हे टूल ऑप्शन रॉम आणि ईएफआय मॉड्यूल दोन्ही बदलून देतं, नवख्याला तेच बरं.  

फ्लॅश करताना, म्हणजे फाइल चिपवर लिहिताना, ॲसुसचं ईझी फ्लॅश बदललेली फाइल नाकारतं. ७ सिरीजच्या ज्या ॲसुस बोर्डांना यूएसबी बायोस फ्लॅशबॅक आहे, तिथे तो मार्ग घ्या: फॅट३२ पेनड्राइव्ह, मॅन्युअलमध्ये दिलेलं नेमकं फाइलनाव, ठरलेला पोर्ट. नाहीतर सीएच३४१ए प्रोग्रामर, म्हणजे चिप थेट वाचणारं-लिहिणारं यूएसबी उपकरण. त्याच्या काळ्या स्वस्त बोर्डावर डेटा पिनांना ५ व्होल्ट येतात आणि चिप असते ३.३ व्होल्टची, म्हणून आधी मल्टिमीटर लावून बघा. चिप दोनदा वाचा, दोन्ही फाइल तंतोतंत सारख्या आल्या तरच पुढे जा, आणि ती मूळ प्रत दुसऱ्या मशिनवर जपून ठेवा. दुसऱ्याच्या बोर्डाची पूर्ण चिपची प्रत आपल्या चिपवर कधीही लिहू नका, लॅन कार्डाचा मॅक पत्ता आणि सीरियल नंबर त्यात त्याचे येतात. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही, तेव्हा मशिन यूपीएसवर असल्याशिवाय फ्लॅशला हात घालू नये.

डेटा जायचा मोठा धोका असतो तो फ्लॅशनंतर लगेच. ॲरेची माहिती डिस्कवर असते, रॉम बदलल्याने ती पुसली जात नाही. पण फ्लॅशमुळे सेटिंग मूळ पदावर येतं आणि साटा मोड बहुतेक वेळा एएचसीआय (डिस्क सुट्या चालवणारा मोड) होतो. मग दोन्ही एसएसडी सुट्या दिसतात, डिस्क मॅनेजमेंट ‘इनिशियलाइझ करू का’ विचारतं आणि घाईत ओके दाबलं जातं. म्हणून फ्लॅश झाल्याबरोबर थेट बायोसमध्ये शिरा, मोड रेड करा, सेव्ह करा, मगच विंडोज सुरू होऊ द्या. आणि बॅकअप आधी घेतलेला हवाच. रेड झिरोत एक एसएसडी गेली की दोन्हींवरचं सगळं जातं.

ट्रिम सुरू झालं का, हे विंडोजच्या ‘एफएसयूटिल’ कमांडने दाखवलेल्या शून्यावरून ठरवू नका. तो शून्य एवढंच सांगतो की विंडोज निरोप पाठवतंय, एसएसडीपर्यंत पोचला की नाही ते त्यातून कळत नाही. त्यासाठी ट्रिमचेक हे छोटं टूल ॲरेवरच्या फोल्डरमध्ये ठेवून चालवा, बंद करा, अर्ध्या मिनिटाने पुन्हा चालवा. डिलीट केलेला डेटा अजून वाचता येत असेल तर ट्रिम चालत नाहीये, जोडी पुन्हा तपासा. चालत असेल तर विंडोज ८ किंवा पुढच्यात ‘ऑप्टिमाइझ’ एकदा चालवा, कारण ट्रिम बंद असताना डिलीट केलेल्या फाइलींची जागा एसएसडीला अजून भरलेलीच वाटत असते.